परदेशी गवत आणि संशयी मुकादम

एका बागेत चार माळी बरीच वर्षं राबले की फुलांपेक्षा किस्सेच जास्त उगवतात. त्यात मुकादम संशयी असला, तर बघायलाच नको!

महाराजांच्या अमदानीतली गोष्ट. कोल्हापुरात एका सरदारांच्या बंगल्यावर आम्ही माळी होतो. हैबतराव आमचे मुकादम. भाकरीच्या फडक्याला गाठ कशी मारली होती, हेसुद्धा लक्षात ठेवणारा माणूस!

एकदा आगगाडीनं परदेशी गवताचं पार्सल आलं. पांढरे तुरे येणारं, नुसतं शोभेचं. सरकारांनी, म्हणजे आमच्या सरदारांनी, ऑर्डर सोडली, "हैबती, या गवताला काही झालं तर तुझी चाकरी गेली." चाकरीबरोबर राहायची खोलीही जाणार, बायकापोरांना घेऊन गावाकडं, गारगोटीची वाट धरावी लागणार. त्या दिवसापासून मुकादमांना आम्ही सगळेच चोर दिसायला लागलो.

*

पहिल्याच थंडीत गवत पार वाळलं. मुकादमांनी दस्तगीर माळ्याचे हात हुंगले. "काय वतलंस बुडात?"

"काय न्हाय वतलं. थंडीत गवत वाळतंयच की! तुमच्या रानात वाळत न्हाय व्हय?"

"आमचं गवत गरिबाचं! हे पार्सलनं आलंय, ह्येला वाळायची परवानगी न्हाय!"

दस्तगीरनं विळा घेतला आणि वीतभर बूड ठेवून सगळं कापलं. ऊन तापल्यावर हिरवे कोंब आले. मुकादम आमच्याकडे रोखून बघत म्हणाले, "बघा, चोर भ्याला!"

*

पुढं गवताच्या गड्ड्याच्या मधोमध टक्कल पडलं. कडेनं हिरवं, आत वाळकं. "हितं कोणतरी रोज बसतंय!" मुकादमांनी भोवती राख पसरली. सकाळी बघतो तर पावलं उमटलेली! आम्ही एकेकानं पाय लावून बघितला, कुणाचाच जुळेना. राख बघायला सगळ्यांत आधी मुकादमच गेले होते!

जुना गड्डा आतून मरतोच, हे मी त्यांना परोपरीनं सांगितलं. मग तो उपटला, मधलं वाळकं टाकलं आणि कडेचे तुकडे वेगवेगळे लावले. पावसाळ्यात सगळे फुटले. झालं, मुकादमांना नवा घोर. "एकाचं इतकं झालं कसं? कोण आणून लावतंय?"

*

मग गवत कमरेएवढं वाढलं आणि आडवं पडलं. आता संशय शेजारच्या तालमीवर. मुकादमांनी एका पैलवानाला हाताला धरून आणलं. त्यानं बुडातला शेणखताचा ढीग बघितला. भीतीपोटी मुकादमच तो गुपचूप घालायचे.

"पावणं, खुराक एवढा आन् मेहनत काय न्हाय. पडंल न्हाईतर काय!"

खत बंद केलं, तसं गवत उभं राहिलं. मला मुकादमांचा राग यायचा, पण त्या दिवशी कीव आली.

*

दसऱ्याला तुरे असे फुलले की येणारे-जाणारे थांबून बघायचे. आणि नेमक्या त्याच सकाळी सगळ्यांत उंच दोन तुरे गायब! देठ सरळ कापलेले.

मुकादमांनी आमचे पटके सोडवून झाडले. पटक्यात खोवलेले घटातले कोंबसुद्धा उपसून हुंगले. तुरे काही मिळेनात. शेवटी बायकोला बोचकं बांधायला सांगून ते पायरीवर बसले. डोळ्यांत पाणी होतं.

संध्याकाळी सीमोल्लंघन आटोपून सरकार परतले. गवतापाशी त्यांनी घोडा थांबवला.

"हैबती, दोन तुरे कमी दिसतात. चोर सापडला का?"

मुकादमांनी मान वर केली. घोड्याच्या कपाळावर दोन पांढरे तुरे डुलत होते.

"गावला की, सरकार," मुकादम म्हणाले. "घोडा हाय!"