काकांचं ब्लूटूथ

नंदनवन वस्तीतल्या आमच्या शेजारच्या काकांना नेटवरून पाठवलेला फोटो पुसट वाटतो. म्हणून फोटो हवा असेल तर त्यांच्या घरी जायचं, दोन्ही फोन टेबलावर एकमेकांना चिकटवून ठेवायचे आणि ब्लूटूथ लावून बसायचं.

"उठू नको गा, मधातच तुटते," असं ते बजावतात. एक फोटो मागा, ते पुतणीचं अख्खं लग्न पाठवतात. तेवढ्यात चहा, चिवडा आणि प्रत्येक वऱ्हाड्याची कुंडली होते.

परवा मी घाई आहे म्हणालो. त्यांनी निमूट एकच फोटो पाठवला. तो लगेच आला, मी उठलो. काका दोन्ही फोनांकडे बघत राहिले.

मी पुन्हा बसलो. "काका, बाकीचेही पाठवा."

"तुले घाई होती ना गा?" असं विचारेपर्यंत त्यांनी गॅस पेटवला होता.