फरक सर आणि रविवारचा भात

आमच्या सरांना कुणी रस्त्यात नमस्कार घातला, की ते थांबून विचारत, "नमस्कार आणि रामराम, फरक काय?" त्यामुळं राधानगरीच्या शाळेत त्यांचं नावच फरक सर पडलं. शिकवायचे इंग्रजी, पण शब्दकोशाला हात लावू द्यायचे नाहीत. "अर्थ घरात बघा की," म्हणायचे.

'होप' आणि 'एक्स्पेक्ट' त्यांनी आम्हाला भातावर शिकवले. मी दोन्ही शब्दांपुढं 'वाट बघणे' लिहून मोकळी झाले होते. माझी वही बघून सर म्हणाले, "पोरी, पावणं यावंत असं नुसतं वाटतंय, ते होप. पावणं येणार म्हणून आईनं मूठभर तांदूळ जास्त टाकला, ते एक्स्पेक्ट. भांड्यात डोकावलं की कळतंय." मी घरी जाऊन खरंच डोकावले आणि आईचा धपाटा खाल्ला.

पुढं मी कोल्हापुरात इंग्रजीच शिकवू लागले. सर निवृत्त झाले, दम्यानं घरात बसले. घरात ते आणि त्यांची बायको, आमच्या काकू, दोघंच; मूलबाळ नव्हतं. दर शनिवारी त्यांचा मोबाईलवर मेसेज यायचा, 'उद्या आय एक्स्पेक्ट यू.' मी जायचे. जेवताना ते माझी उलटतपासणी घ्यायचे आणि काकू दटावायच्या, "पोरीला जेवू द्या की."

मग माझे रविवारचे जादा तास सुरू झाले. एसटीनं दीड तासाचा तर रस्ता. पण "पुढच्या रविवारी नक्की" म्हणायला काय लागतंय? एका शनिवारी मेसेज आला, 'आय होप यू विल कम.' इतर कुणाला त्यात काही दिसलं नसतं. मला दिसलं. आणि सांगायला लाज वाटते, मला सुटल्यासारखं झालं. त्यानंतर मी गेलेच नाही.

सर गेल्याचं मला शाळेतल्या मैत्रिणीकडून कळलं, तेही तेरावं उलटून गेल्यावर. लगेचच्या रविवारी मी न कळवता काकूंकडं गेले. रडत म्हणाले, "काकू, सरांनी माझी वाट बघणं सोडलं होतं."

"कोण म्हणतंय?" काकू म्हणाल्या. "पोरीला कामं असत्यात, तिला जड नको व्हायला, म्हणून तसं लिहिलं त्यांनी. मला मात्र दर रविवारी आत येऊन सांगायचे, तिचा तांदूळ टाक. उरलेला भात आम्ही दोघं रात्री खायचो."

काकू उठून आत गेल्या आणि तिथूनच म्हणाल्या, "हात धू. आज बी टाकलाय."