मामांनी वाटलेली नक्कल

माझं ॲप म्हणजे काही फार मोठी भानगड नव्हती. लातूर, अहमदपूर, धर्माबाद इथल्या मोंढ्यांतले सोयाबीन-तुरीचे आजचे भाव मोबाईलवर दाखवायचं, बस. पण ते मी लातुरात बसून एकट्यानं केलेलं, त्यामुळं त्याच्यावर भारी जीव. कुणीतरी ते फोडून, आत रमीच्या जाहिराती घुसवून त्याची नक्कल बाजारात सोडली, तेव्हा माझं डोकंच फिरलं.

मग मी कुलूप घातलं. नकली प्रतीनं भाव मागितला की सर्व्हर तिला ओळखणार आणि भावाऐवजी लाल अक्षरांत निरोप पाठवणार: 'हे ॲप चोरीचे आहे.' हे वाक्य मी मोठ्या चवीनं लिहिलं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळीच अहमदपूरजवळच्या गावाहून मामांचा फोन आला. मामा शेतकरी, आणि गावात त्यांच्या शब्दाला वजन.

"भाच्या, तू मला चोर म्हणून राहिलास का?"

झालं होतं असं, की मामांनी ॲप घेतलं ते बसस्टँडसमोरच्या मोबाईलच्या दुकानातून. आमच्याकडं डॉक्टरपासून सोयरिकीपर्यंत सगळं ओळखीतूनच बघायची रीत. दुकानदार ओळखीचा, म्हणजे त्याचं ॲपही चांगलंच असणार. तीच नक्कल मामांनी चहाच्या हॉटेलात बसून, 'माझ्या भाच्यानं केलंय' असं सांगत या मोबाईलवरून त्या मोबाईलवर गावभर वाटली. आणि आज मोंढ्याला निघालेल्या प्रत्येकाच्या हातात लाल अक्षरं.

मला आधी हसूच फुटलं. पण मामांचा आवाज पार बसला होता.

"लोकं म्हणून राहिलेत, भाच्याच्याच घरात हात मारला. हॉटेलात जायची सोय न्हाई राहिली."

माझं कौतुक ज्यांनी गावभर फुकट मिरवलं, त्यांनाच मी चारचौघांत चोर ठरवलं होतं.

मामांना खरं ॲप कुठून घ्यायचं ते नीट समजावलं. कुलूप काही काढलं नाही. निरोप तेवढा बदलला: 'ही प्रत नकली आहे. खरी हवी असेल तर ओळखीच्या माणसाला विचारा.' असा सल्ला शहाणा इंजिनिअर कधी देणार नाही.

दुपारी पुन्हा फोन. मागं हॉटेलातला गलका ऐकू येत होता.

"थांबा रे, एकेकानं मोबाईल द्या," मामा कुणाला तरी दटावत होते. मग मला म्हणाले, "ठेव आता. लई गर्दी हाय. समदे मलाच विचारून राहिलेत."