वंदनाताईच्या पिशवीतला शेवटचा कागद

एखाद्या आख्ख्या तालुक्याला तुम्ही कधी एका बटणानं तोडून टाकलंय? मी टाकलंय. म्हणून तर वंदनाताई तापानं गेल्याचं मला दुसऱ्या दिवशी कळलं, तेही मुरबाडहून आलेल्या जीपवाल्याकडून. तोवर सगळं उरकलं होतं...

आमचं समाजमाध्यम कुठल्या कंपनीचं नव्हतं, आमचं आम्हीच चालवायचो. शहापूरचा सर्व्हर मी सांभाळायची, मुरबाडचा ताई. दोन्ही जोडलेले, इकडे लिहिलेलं तिकडे दिसायचं. कुणी घाण लिहिली की मी ती पोस्ट काढायची आणि मोकळी व्हायची. ताईची रीत वेगळी. ती पोस्ट कागदावर छापून घ्यायची, कापडी पिशवीत घालायची आणि लिहिणाऱ्याच्या दारात जाऊन त्याच्या आईबापांसमोर त्यालाच वाचायला लावायची. एका घरी मी सोबत होते. चांगला मिशीवाला गडी, दुसऱ्याच ओळीला अडखळला. "वाच ना रे," ताई म्हणाली, "लिवताना तर लय फास्ट होतास!" त्याची आई चुलीपुढून उठून आली होती. त्याला पुढं वाचवेना. पोस्ट त्यानं स्वतःच काढली.

मग मुरबाडच्या चौघांनी आमच्या खर्डीजवळच्या वाडीतल्या, मजुरीला बाहेर जाणाऱ्या बायांबद्दल गलिच्छ लिहिलं. मुरबाडच्या सर्व्हरवरचं मला काढता येत नव्हतं. मी चळवळीच्या घरातली. बाबांनी छापलेली पत्रकं वाटतच मोठी झालेली. डोकं फिरलं. ताईचा फोन आला. "तीन घरं झाली गो. एक ऱ्हायलंय. आठ दिस दे."

"आणि त्या बायांनी आठ दिवस हे वाचायचं?"

हे बोलल्याचा पस्तावा मला आजही नाही. पस्तावा पुढच्याचा आहे. 'मुरबाडवाले सगळे सडके' अशी लांबलचक पोस्ट मी लिहिली आणि जोड तोडली. ज्या बायांसाठी तोडली, त्यांच्यातल्या मुरबाडकडे वीटभट्टीवर गेलेल्यांनी तिकडून टाकलेले फोटोही मग वाडीत दिसेनासे झाले. ताईनं त्यानंतर दोनदा फोन केला. मी उचलला नाही.

तेराव्यानंतर मुरबाडला गेले. तिच्या आईनं ती पिशवी माझ्या हातात दिली. आत एकच कागद होता... माझी पोस्ट.

"ताप उतरला का खर्डीला जाते, म्हनत होती," आई म्हणाली. "तुज्याकडं गो. तुज्या बापासमोर कायतरी वाचून घ्यायचंय म्हने."

घरं चारच नव्हती. पाचवं माझं होतं.

तो कागद मी बाबांसमोर वाचला. 'सडके'पाशी अडखळले. बाबांनी चष्मा काढला आणि बराच वेळ पुसत राहिले. जोड मी पुन्हा सुरू केली आहे. पिशवी आमच्या दारामागच्या खिळ्याला आहे. तिच्या बंदांना अजून ताईच्या हातच्या गाठी आहेत, मी सोडलेल्या नाहीत. राहिलेल्या चौथ्या घरी मी तीच पिशवी घेऊन जाणार आहे.

तुमच्याही बोटाखाली असं बटण असेल. घाण लिहिणाऱ्याला मुळीच सूट देऊ नका. पण माणसं तोडण्याआधी त्यांच्याबद्दल तुम्ही काय लिहिलंय ते छापून घ्या आणि घरातल्या थोरांसमोर मोठ्यानं वाचा. शेवटपर्यंत वाचता आलं, तरच दाबा.