ऑगस्टमधला जपानी झरा

जपानी मॅनेजर ओकादा-सानांनी थर्मामीटर पाण्यातून काढला, माझ्यासमोर धरला आणि कमरेत वाकून माझी माफी मागितली. चूक माझी होती, पण माफी मागायची सवय त्यांची. पाणी सेहेचाळीस डिग्री होतं. हवं होतं बेचाळीस.

ही नव्वदच्या दशकाच्या अखेरची गोष्ट. दुबईजवळच्या जबल अलीत एका जपानी कंपनीने आपल्या पाहुण्यांसाठी अस्सल जपानी सराय बांधली होती. तिकडे तिला रियोकान म्हणतात. गवती चटया, कागदाची सरकती दारं, सुती झगे आणि मधोमध सगळ्यांनी मिळून बसायचा दगडी हौद. जपानात त्या हौदात डोंगरातला गरम झरा सोडलेला असतो. इथे झरा म्हणजे मी, वीज-पाणी-एसी बघणारा साइट इंजिनिअर. पाणी एकीकडून सतत येणार आणि काठावरून वाहून जाणार, त्यामुळे हौदात थांबून ते निवण्याचीही सोय नाही.

टेस्टिंग फेब्रुवारीत झालं होतं, तेव्हा सगळं फर्स्ट क्लास होतं. डिझाइन जपानहून आलेलं. नळाचं पाणी पाच डिग्रीचं असेल असं धरून त्यांनी दोन अजस्र गिझर दिले होते, आणि मी त्यावर डोळे झाकून सही ठोकली होती. ऑगस्टात गच्चीवरच्या टाकीतलं पाणी इथे अर्धं शिजूनच खाली येतं, हे मला माहीत नव्हतं असं नाही. एकही हीटर चालू नव्हता, तरी सेहेचाळीस.

"गुरुवारी आमचे चेअरमन येतात," ओकादा-सान म्हणाले. "एक दिवस राहतील, हौदात बसतील. मग हँडओव्हर."

माझे बॉस फादी, आमच्या बांधकाम कंपनीचे लेबनीज मॅनेजर. त्यांनी मला केबिनमध्ये बोलावलं.

"सावंत, हँडओव्हर नाही, तर तुझा व्हिसा रिन्यू नाही. खलास."

महिन्यापूर्वीच बायको आणि मुलगी शारजात आल्या होत्या. मुलीची शाळेतली अ‍ॅडमिशन नुकतीच झाली होती. मी खरोखर घाबरलो.

"चिलर मागवू या, सर. पाणी गार करायचं मशीन."

"किती दिवस लागतील?"

"आठ आठवडे."

"हबीबी, आज रविवार आहे. बर्फ टाक. यल्ला."

एवढा बर्फ एकदम मिळतो तो मासळीबाजारात. टेम्पोभर लाद्या आणल्या, हौदात सोडल्या, पाणी बेचाळीसवर आलं. ओकादा-सान काठाशी गुडघे टेकून बसले. त्यांनी दोनदा वास घेतला.

"सावंत-सान, आज जेवणात बांगडा आहे का?"

मी नाही म्हटलं. त्यांनी पुन्हा माफी मागितली.

दुसऱ्या दिवशी आमचा प्लंबर भिकाजी हौद घासत होता. माणूस कणकवलीकडचा, राहायला दुबईतल्या सोनापूरच्या कामगार-कॅम्पात. घासता घासता म्हणाला, "साहेब, गिझर बंद ठेवून लाल नळ सोडा की."

"बंदच आहेत रे."

"बंद आहेत, पण रिकामे आहेत. भरून ठेवा. कॅम्पात उन्हाळ्यात आम्ही तसंच करतो. गिझर आत एसीत असतो, त्यातलं पाणी निवतं. निळ्या नळाला हात पोळतो, लाल नळाला गार पाणी. तुमच्याकडं काय करतात?"

आमच्याकडे शारजात, अल नहदातल्या फ्लॅटमध्येही हेच करतात. सहा उन्हाळे मी लाल नळाखाली गार पाण्याने आंघोळ करून, टाय लावून, गरम पाण्याचा प्रश्न सोडवायला ऑफिसला येत होतो. कप्पाळ माझं!

गुरुवारी पहाटे, टाकीतलं पाणी त्यातल्या त्यात गार असताना, आम्ही दोन्ही गिझर काठोकाठ भरले. गिझरला जाड जॅकेट असतं, आतली ऊब बाहेर जाऊ नये म्हणून. ते बाहेरची ऊबही आत येऊ देत नाही. दुपारी लाल नळाला छत्तीस, निळ्याला सेहेचाळीस. दोन्ही जुळवले आणि काटा बेचाळीसवर आणला.

चेअरमन म्हणजे चिमुकले, ऐंशीच्या घरातले गृहस्थ. रिवाजाप्रमाणे आधी लाकडी स्टुलावर बसून त्यांनी अंग स्वच्छ धुतलं, मग गळ्यापर्यंत हौदात उतरले आणि डोळे मिटले. वीस मिनिटं तशीच गेली. दाराबाहेर फादी हातातली माळ ओढत होते.

अखेर आतून आवाज आला. ओकादा-सानांनी भाषांतर केलं, "चेअरमन विचारतात, हा झरा किती खोल आहे?"

"व्हेरी डीप," फादी गच्चीकडे न बघता म्हणाले.

संध्याकाळी हँडओव्हरवर सही झाली आणि माझा व्हिसा आणखी तीन वर्षांसाठी रिन्यू झाला. पण जपानी माणूस कागदावर नसलेली गोष्ट मानत नाही. म्हणून मॅन्युअलमध्ये मी लिहिलं: 'जून ते सप्टेंबर, गार पाण्यासाठी गरम नळ उघडावा. गरम पाण्यासाठी गार नळ उघडावा.' जपानच्या हेड ऑफिसने ते पान टायपिंगची चूक म्हणून तीनदा परत पाठवलं. चौथ्यांदा माझ्या, इंजिनिअरच्या, सहीखाली प्लंबर म्हणून भिकाजीचीही सही घेऊन पाठवलं. ते पास झालं.