आधी निकाल, मग पोथी

ब्लूमामावशी जागेवरून उठली की आमच्या सिनेगॉगमध्ये, म्हणजे ज्यूंच्या प्रार्थनाघरात, भलेभले सावरून बसायचे. बुटकी, जाडजूड, पंचाहत्तरी ओलांडलेली बाई. उभं आयुष्य हातमोज्यांच्या कारखान्यात चामडं शिवण्यात गेलेलं, त्यामुळे यंत्रांच्या वर आवाज चढवायची सवय घरीदारीही सुटली नव्हती. शिवाय तिच्याकडे एक जुनं हत्यार होतं. आमच्यात रीत आहे: ज्याच्यावर अन्याय झाला आणि पंचांनी दाद दिली नाही, त्याने शब्बाथच्या, म्हणजे शनिवारच्या, सकाळी पुढे यावं आणि तोराहचं, आमच्या धर्मग्रंथाचं, वाचन अडवावं. त्याचं ऐकून निकाल लागेपर्यंत पोथी उघडायची नाही. बाकीच्या गावांत लोक ही रीत केव्हाच विसरले. आमच्याकडे ब्लूमामावशी होती.

एकदा तिने बायकांच्या बाजूचा हीटर दुरुस्त होत नाही म्हणून वाचन अडवलं, एकदा एका विधवेच्या नवऱ्याच्या थडग्यावर दगड बसवायला टाळाटाळ चालली होती म्हणून. जेवणातली हेरिंग मासळी खारट झाली म्हणूनही एकदा उठली होती, आमच्या धर्मगुरूंनी, राब्बींनी, कशीबशी समजूत घालून खाली बसवली. स्वयंपाकघर माझ्याकडे असल्यामुळे ती हेरिंग मी अजून विसरलेले नाही.

पंच्याऐंशी सालचा फेब्रुवारी होता. गावातल्या चर्चच्या तळघरात इस्मेल्दा नावाची एल साल्वादोरची बाई लहान मुलीला घेऊन आसऱ्याला राहिली होती. तिच्या नवऱ्याला तिकडे सैनिकांनी उचलून नेलं होतं, तो परत आलाच नाही. अमेरिकी सरकारचं म्हणणं, ही माणसं पोट भरायला आलीत, यांना परत धाडा. त्यावरून गावात घरोघरी भांडणं. कारखाने बंद पडत होते. आपल्याच पोरांना काम नाही, यांना कुठे घेता, असं म्हणणारे आमच्यातही होते आणि ती काही वाईट माणसं नव्हती. त्यात चर्च गरम ठेवणारा बॉयलर फुटला. पाद्रीबाबांनी आमच्या वरच्या मजल्यावरची रिकामी शाळाखोली मागितली. आमच्या कार्यकारिणीने विषय समितीकडे ढकलला, समितीने उपसमितीकडे. रविवारी तळघर बंद होणार होतं. मग त्या मायलेकींना रस्ता, नाहीतर पोलीस आणि परतीचं विमान.

शनिवारी पोथीची गुंडाळी मेजावर आली, तिचं मखमली आवरण निघालं, आणि ब्लूमामावशी तुरुतुरु चालत जाऊन मेजाला पाठ लावून उभी राहिली.

"आज काय, मीठ कमी पडलं?" मागच्या बाकावरून मॉइश कात्झेनबर्ग म्हणाला. हशा पिकला. मावशी हसली नाही.

"वरच्या खोलीचा निकाल द्या," ती म्हणाली. "हो म्हणा, नाहीतर नाही म्हणा. पण आज म्हणा."

अध्यक्ष सॅनफर्ड प्रेसमन उठले. दातांचे डॉक्टर, सरळ माणूस, तोलूनमापून बोलणारा. "मावशी, हे राजकारण आहे. ते दाराबाहेर ठेवायचं ठरलंय आपलं."

"पोर गारठतंय, सॅनी. त्यात कसलं आलंय राजकारण?"

"तिकडे ॲरिझोनात असा आसरा देणाऱ्यांवर खटले भरलेत. लोक आधीच आपल्याकडे बोट दाखवायला टपलेले असतात. आणि माझे वडील कागदपत्रं घेऊन, रांगेत उभे राहून आले या देशात. कायदा आहे म्हणून आपण सुखात आहोत."

त्यात खोटं काही नव्हतं. बऱ्याच माना डोलल्या.

"तुझा बाप रांगेत उभा राहिला, कारण तेव्हा रांग होती," मावशी म्हणाली. "मीही राहिले. माझी धाकटी बहीण हिंदे, तिचे डोळे बिघडले होते, तसल्या डोळ्यांच्या माणसांना इथे उतरू देत नसत, म्हणून तिला मागे ठेवलं. बरी झाली की येणार होती. तेवढ्यात इथे कायदा झाला आणि रांगच बंद केली. अगदी रीतसर बंद केली. हिंदे तिकडे आमच्या गावी, ग्रोद्नोलाच राहिली. पुढे नाझी आले, आणि तिचं काय झालं ते सांगायला तिथलं कोणी उरलेलं नाही."

इतक्या वर्षांत ते नाव मी पहिल्यांदाच ऐकत होते. आत माझ्या चोलंतचं, शब्बाथच्या रश्श्याचं, पातेलं करपायला लागलं होतं, वास येत होता, पण मी बाकावरून उठले नाही.

राब्बी हळूच म्हणाले, "ब्लूमा, आजच्याच अध्यायात आहे ते. परक्याला छळू नका, तुम्हीही मिसर देशात परके होतात. मला वाचू दे. ते ऐकून कदाचित..."

"दरवर्षी ऐकतो की आपण. ऐकतो आणि जेवायला बसतो. आज आधी निकाल. नाहीतर कोणत्या तोंडाने वाचणार?"

प्रेसमनांचा चेहरा लाल झाला होता. "आणि पोलीस आले तर? सही अध्यक्षाची असते, मावशी."

"माझी खाट आजपासून त्या खोलीच्या दारात. तिला न्यायचं तर आधी मला उचलावं लागेल. आणि माझं वजन तुला ठाऊक आहे."

पुन्हा हसू फुटलं, पण आता त्यात टिंगल नव्हती. शब्बाथला लिहायचं नसतं, म्हणून चिठ्ठ्यांचा प्रश्नच नव्हता. ज्यांचं हो असेल त्यांनी उभं राहावं, असं राब्बींनी सांगितलं. सगळ्यांत आधी उभा राहिला तो मॉइश. मग बाकं करकरायला लागली. मी ॲप्रनसकट उभी राहिले, आणि आजूबाजूला बघितलं तर बसलेली माणसं शोधावी लागत होती. प्रेसमन बसूनच होते. त्यांनी शांतपणे सगळीकडे पाहिलं आणि म्हणाले, "ठराव मंजूर. वाचा आता."

मावशी बाजूला झाली. राब्बी परक्याच्या त्या ओळीवर आले तेव्हा करपणारं पातेलं मी पार विसरले, सरळ सांगते. असं वाचन मी त्याआधी ऐकलं नव्हतं.

आणखी एक रात्र त्या गारठ्यात कशाला, म्हणून आम्ही लगेच निघालो. शब्बाथला गाडीत बसायचं नसतं, म्हणून चालतच, बर्फातून. मावशीने घसरू नये म्हणून प्रेसमनांचा दंड धरला होता आणि वाटभर त्यांना दाढेच्या तक्रारी सांगत होती. एवढा घोळका बघून गावचा पोलीसप्रमुख आमच्या आधीच चर्चच्या दारात येऊन थांबला होता.

"यातला प्रमुख कोण?" त्याने विचारलं.

मावशीने तोंड उघडलं, पण प्रेसमन पुढे झाले. "मी. सॅनफर्ड प्रेसमन, अध्यक्ष. नीट लिहून घ्या. मी या ठरावाच्या विरोधात होतो. पण ठराव झालाय, तेव्हा जबाबदारी माझी."

प्रमुखाने वही काढलीच नाही. तो दारातून बाजूला झाला. "निसरडं आहे, डॉक्टर. सांभाळून न्या."

इस्मेल्दा मुलीचा हात धरून बाहेर आली. ब्लूमामावशीने मुलीचा दुसरा हात धरला, आणि आम्ही सगळे फुटपाथ सोडून भर रस्त्याच्या मधून सिनेगॉगमध्ये, घरी आलो.