झुडपावरचं शिखर

अर्धा चढ संपत आला तेव्हा वहिनींच्या लक्षात आलं, की मागची पावलं वाजेनाशी झाली आहेत. वळून पाहिलं तर दीर कडेच्या दगडाला पाठ लावून उभे होते. डोळे गच्च मिटलेले.

"दम लागला का भाऊजी?"

"नाही. चुकून खाली बघितलं."

एरवी वहिनी हसल्या असत्या. डोंगरांची उंची ठरवणारा माणूस, आणि गच्चीवर कपडे वाळत घालायला पाठवलं तर भिंत धरून चालतो, हा घरातला जुना विनोद होता. आज त्यांनी नुसता हात पुढे केला.

"माझ्या पाठीकडे बघत या. पोरगी पलीकडून चढतेय."

पोरगी म्हणजे वहिनींची एकुलती एक लेक. मैत्रिणींना घेऊन ती सकाळीच डोंगराच्या लांबच्या वाटेने निघाली होती. काकाने शोधलेल्या खऱ्या शिखरावर पहिला पाय आपलाच पडला पाहिजे, हा तिचा हट्ट.

हा काका लग्न न करता भावाच्याच घरात राहिला. घरात त्याला सगळे मिलिमीटर म्हणत. तसबिरीचा खिळा ठोकायचा तरी पट्टी घेऊन यायचा, आणि चहात साखर घातली की चमच्यावरचा उंचवटा बोटाने सपाट करायचा. नकाशांच्या कचेरीत, खिडकी नसलेल्या खोलीत, दोन पडद्यांपुढे त्याचं आयुष्य चाललं होतं. विमानातून डोंगरावर लेसरचे किरण सोडतात. किरण जिथे आपटून परततो तिथे पडद्यावर एक ठिपका उमटतो. एका डोंगराचे असे लाखो ठिपके. त्यातले झाडांवरचे ठिपके यंत्र गाळून टाकतं, जमिनीचे ठेवतं. उरलेला डोंगर भाऊजी पडद्यावर गोल गोल फिरवत आणि सगळ्यात उंच जागा कोणती ते सांगत. लोक वर्षानुवर्षं ज्या दगडांच्या राशीपाशी फोटो काढतात, तो पुष्कळदा माथा नसतोच. या डोंगराचा माथाही राशीच्या पूर्वेला, तिच्याहून हातभर उंच निघाला. डोंगर चढणाऱ्यांच्या मंडळाने ती जागा सगळ्यांच्या फोनवर पाठवली. त्या दिवशी पुतणीने काकाला नाचवायचंच बाकी ठेवलं होतं.

आज सकाळच्या चहाच्या वेळी तिने पायथ्यावरून फोटो पाठवला. डोंगर बाजूने दिसत होता. भाऊजींनी तो बोटांनी मोठा केला आणि हातातला कप तसाच खाली ठेवला.

"वहिनी, ते शिखर नाही. झुडूप आहे ते. कड्याच्या बाहेर वाढलंय."

झुडूप इतकं दाट, की किरण आत शिरलेच नाहीत, वरच्यावर आपटून परत आले. यंत्राने ती जमीन धरली, आणि भाऊजींनीही. पाय ठेवावा असं वरून वाटेल, आणि खाली काहीच नाही.

पोरीचा फोन लागेना. पायथ्याच्या चौकीत कुणी उचलेना. मग दोघं मिळेल ती रिक्षा करून जवळच्या वाटेला आले होते.

आता वर धुकं उतरू लागलं. वहिनींनी मनात रोजचं स्तोत्र धरलं, पण दुसऱ्याच ओळीला अडखळल्या. पाठ असलेलं सगळं कुठे गेलं कळेना. शेवटी नुसतं देवाचं नाव घेत राहिल्या. पाऊल आणि नाव, पाऊल आणि नाव.

मध्येच त्यांनी विचारलं, "तुमच्यात कुणी प्रत्यक्ष जाऊन बघत नाही का हो?"

मागून भाऊजींची काठी दगडावर टेकली.

"शंका असेल तिथे जावं लागतं. तसा शेरा मारायचा असतो."

"मग?"

"शेरा मारला असता तर मलाच चढावं लागलं असतं."

वहिनींच्या तोंडाशी काय काय आलं. त्यांनी ते गिळलं. भांडायला लागणारा श्वास चढायला हवा होता.

दगडांची रास दिसली आणि धुक्यातून मुलींचं हसणं ऐकू आलं. ते राशीच्या पलीकडून येत होतं. पूर्वेकडून.

"चिमे, आहेस तिथे खाली बस."

"आई? तू इथे कशी काय?"

"आधी बस म्हणते ना."

"अगं, दोन पावलं राहिलीत. फोनमध्ये दाखवतंय."

वहिनी जागीच थबकल्या. पुढे जावं तर पोर आईकडे बघायला वळेल, पाय घसरेल. तेवढ्यात भाऊजी त्यांच्या शेजारून गेले. गुडघे आणि हात टेकून, रांगत. धुक्यात त्यांचे बूट दिसेनासे झाले.

"चिमे, तुझ्या पाठीवरची पिशवी धरलीय मी," त्यांचा आवाज आला. "आता मागे सरक. बसूनच सरक."

मग त्यांनी हातातली काठी झुडपात खुपसली. मुठीपर्यंत आत गेली. त्यांनी ती सोडून दिली. सगळे कान देऊन बसले. काठी कुठेतरी आपटल्याचा आवाज आला तो इतक्या उशिरा, की मैत्रिणींपैकी एक रडायलाच लागली.

चिमीने आईच्या पदरात तोंड खुपसलं. "काका, नकाशात तर होतं," एवढंच ती पुन्हा पुन्हा म्हणत होती.

जरा वेळाने मुलींनी दगड वाहून राशीपासून पुढची वाट अडवायला घेतली. आणखी कुणी फोन बघत इथवर येईल, हे कुणी कुणाला सांगावं लागलं नाही. भाऊजी मात्र उठलेच नाहीत. हाताला काटे लागून रक्त आलं होतं. वहिनी रुमालाने ते पुसू लागल्या.

"झालं आता. पोर सुखरूप आहे. देवाने राखलं."

"या डोंगरावर राखलं."

वहिनींचा रुमाल थांबला.

"म्हणजे?"

"असे आणखीही डोंगर आहेत. जिथे जायला हवं होतं आणि गेलो नाही. किती ते मोजायचंही धाडस नाही माझ्यात." त्यांनी मुलींकडे पाहिलं आणि आवाज खाली आणला. "वहिनी, उद्या माझ्याबरोबर कचेरीत याल? या झुडपाचं मी साहेबांना सांगेन. बाकीच्यांचं सांगताना माझी जीभ रेटणार नाही, मी स्वतःला ओळखतो. तुम्ही समोर बसा. आणि मी गप्प राहिलो, तर तुम्ही सांगा."